पिकअपचा हरवलेला पिकअप

इंग्रजीतून मराठीत येऊन मुक्काम ठोकलेल्या शब्दांत 'पिकअप' या शब्दाइतका राबता शब्द दुसरा सापडणे कठीण. मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मालमोटारीला आपण पिकअप म्हणतो. आणि पायाखालचे पेडल दाबताच मोटारीने जी उचल घ्यायची, तिलाही पिकअपच म्हणतो. म्हणून गॅरेजच्या दारात उभा राहून एखादा गाडीवाला, "मिस्त्री, पिकअपला पिकअप नाही हो राहिला!" असे काकुळतीने सांगू लागला, तर व्याकरणाच्या मास्तरांनी हसू नये. त्या बिचाऱ्याचा सारा प्रपंच त्या दुसऱ्या पिकअपवर उभा असतो.

माझाही आहे. आमचे गाव चिपळूणजवळ. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरायच्या, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड गाठायचे आणि तेथून पुण्याचे मार्केट यार्ड. येताना कांदा, बटाटा, नाहीतर पशुखाद्याची पोती. गाडी २००३ सालची, चार सिलिंडरची, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची आणि टर्बो नसलेली. या वयाच्या गाड्या आमच्या बाजूला अजून पुष्कळ आहेत. नवी घेणे ही आठ-दहा लाखांची गोष्ट, आणि हौद्यातला माल असा, की पहाटेचा बाजार चुकला तर दहा वाजता त्याच पेटीला कोणी धड विचारीत नाही. तेव्हा जुन्या गाडीची ओढ थोड्या पैशांत कशी वाढवावी, हा आमच्याकडे चहाच्या टपरीवरचा नित्याचा विषय आहे. सल्ल्यांना तोटा नाही. कोणी पंपाचा स्क्रू फिरवायला सांगतो, कोणी सायलेन्सर पोकळ करायला, तर कोणी भंगारातला टर्बो आणून बसवायला.

हे सारे सल्ले वीस वर्षे ऐकून, आणि प्रत्येक खर्च वहीत टिपून, माझे जे मत बनले आहे ते आरंभीच सांगून टाकतो. जुन्या गाडीत नवे बळ विकत घेण्यापूर्वी तिचे स्वतःचे बळ कोठे गळते आहे ते शोधावे. कारखान्यातून निघताना जेवढे घोडे तिला जुंपलेले होते, त्यांतले कितीतरी वाटेत सुटून गेलेले असतात. ते शोधून परत आणणे यासारखा स्वस्त पिकअप दुसरा नाही.

घाट किती घोडे मागतो?

या गाड्यांचे कूळ साधे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचे डिझेल इंजिन त्या जीपच्या वंशात आले. १९८८ साली टेल्कोने पुण्याहून 'टाटामोबाइल' काढली. २००० साली बोलेरो आली आणि पाठोपाठ तिची हौद्याची भावंडे. या पिढीच्या इंजिनात संगणक नव्हता, वायरींचे जंजाळ नव्हते. हवा, डिझेल, दाब आणि वेळ या चार गोष्टी जमल्या की इंजिन ओढते. एक बिघडली की रडते. म्हणूनच त्यांची चिकित्सा अजून खेड्यातल्या गॅरेजात होऊ शकते.

आता थोडे गणित करू. भीती नको, शाळेतलेच आहे. मालासकट २,७०० किलो वजनाची पिकअप वीसास एक अशा चढावर, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, ताशी ३६ किलोमीटरने चालली आहे असे धरा. ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. नुसते ते वजन वर उचलायला सुमारे १८ हॉर्सपॉवर लागतात. चाके रस्त्यावर फिरत ठेवायला आणखी पाच-साडेपाच. म्हणजे चाकांपाशी साधारण तेवीस-चोवीस घोडे जुंपलेले हवेत. या जातीच्या इंजिनाच्या कागदावर साठ-सत्तरांचा आकडा असतो. तो इंजिन पुऱ्या फेऱ्यांवर असतानाचा. घाटात, अर्ध्या फेऱ्यांवर, त्यातले निम्मेच हाती असतात. त्यातून गिअरबॉक्स, जॉइंट आणि डिफरन्शियल आपापला वाटा काढून घेतात, आणि गाडी वीस वर्षांची असते!

त्यातच सह्याद्री स्वतःचा कर वसूल करतो. कुंभार्लीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. एप्रिलमधल्या दुपारी पारा चाळिसाला टेकला, की वीस अंशांच्या हवेपेक्षा ती हवा आणखी सहा टक्क्यांनी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाला जेवढी हवा मिळेल तेवढेच डिझेल ते नीट जाळू शकते. म्हणजे आंब्याच्या ऐन हंगामात, ऐन दुपारी, ऐन माथ्यावर आपल्या इंजिनाचा आठवा हिस्सा निसर्गानेच कापून घेतलेला असतो. रात्री जेवून घाट चढणारे जुने ड्रायव्हर उगाच शहाणे म्हणवत नव्हते. गार हवा हा फुकटचा पिकअप आहे.

दुसरा फुकटचा पिकअप हौद्यातला. पासिंगपेक्षा पाचशे किलो माल जास्त घातला, की वरच्याच चढावर, त्याच वेगाला, सव्वाचार हॉर्सपॉवर जादा लागतात. उलट वाचले तर असे, की जादा भरलेली पाचशे किलोंची पोती उतरवून ठेवली, तर एक पैसा खर्च न होता सव्वाचार घोडे आपल्या दारात येऊन उभे राहतात. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. भाडे पोत्यावर मिळते, घोड्यावर नव्हे!

आधी चाके पाहा

गाडी ओढत नाही म्हटले, की मिस्त्री बॉनेट उघडतो. माझ्या मते आधी गाडीखाली वाकावे. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या ड्रमांजवळ हात न्यावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा तापलेले लागले, तर तेथे ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग जाम झाले आहे. हँडब्रेकची गंजलेली केबल हे आमच्या कोकणातले, खाऱ्या हवेतले नेहमीचे दुखणे. दोन चाकांवर मिळून वीस किलोंचा अडथळा असला, तर ताशी ३६ किलोमीटरला पावणेतीन हॉर्सपॉवर तेथेच जळून जातात. आणि लायनर जळतात ते वेगळेच.

मग टायर. हवा कमी असली तर चाक जड होते हे सर्वांना माहीत असते; पण मोठ्या मापाचा टायर ओढ खातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर घालण्याची आता चाल पडली आहे. टायरचा घेर सात टक्क्यांनी वाढला, की चाकाची रस्त्यावरची ओढ तेवढीच कमी होते. जो चढ तिसऱ्यात चढत होता, तो दुसऱ्यात चढावा लागतो. कंपनीने ठरवलेले माप परत घालणे, ही एक सुधारणाच आहे.

त्यानंतर क्लच. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. अशा गाडीत दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले, तरी ती ताकद प्लेट जाळण्यापलीकडे काही करणार नाही.

आणि एक गंमत सांगतो. पेडल पुरे दाबले म्हणजे पंपाला हुकूम पुरा पोहोचला, असे आपण समजतो. एका माणसाला पेडल दाबून बसवा आणि बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर आपल्या शेवटच्या खुंटीला टेकतो का ते पाहा. केबल ताणली गेल्यामुळे, नाहीतर पायाखाली जाड मॅट अंथरल्यामुळे, तो बोटभर अलीकडेच थांबलेला मी कित्येक गाड्यांत पाहिला आहे. असा दोष निघाला, तर दहा मिनिटांचे काम आणि खर्च शून्य.

दहा हजार लिटर हवा

आता इंजिनाकडे वळू. डिझेल महाग म्हणून आपण त्याचा हिशेब ठेवतो. हवा फुकट म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असताना तासाला दोन लाख लिटर हवा ओढते. एवढी हवा ज्या एका डब्यातून जाते तो एअर फिल्टर आमच्या जांभ्याच्या तांबड्या धुळीने भरलेला असला, तर इंजिनाची अवस्था तोंडावर उशी दाबलेल्या पैलवानासारखी होते.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये, आणि झटकून झटकून वर्षानुवर्षे वापरू नये. तो काढून दिव्यासमोर धरावा. उजेड आला नाही तर बदलावा. मात्र फिल्टर काढून टाकून गाडी चालवणे हा शहाणपणा नव्हे. त्या धुळीचा प्रत्येक कण रिंग-पिस्टनवर कानशीसारखा चालतो. फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी आतून चिकटलेली किंवा फाटलेली नाही ना, तेही पाहावे. ज्यांच्या गाडीला कंपनीचा टर्बो आहे, त्यांनी टर्बोपासून पुढच्या नळ्यांचे क्लिप आधी तपासावेत. तेथे फट पडली, की टर्बोने दाबलेली हवा रस्त्यावर जाते आणि मागे काळ्या धुराचा लोट उठतो.

हवा आत येण्याइतकीच धूर बाहेर जाण्यालाही वाट हवी. दगडावर आपटून चेपलेला किंवा आतून कुजून बुजलेला सायलेन्सर बदलला, तर गाडी मोकळी झाल्याचे लगेच जाणवते. परंतु चांगला सायलेन्सर फोडून पोकळ केल्याने या इंजिनांना लाभ नाममात्र होतो. वाढतो तो आवाज. आणि आवाज वाढला की चालवणाऱ्याला वाटते, बळच वाढले!

फवारा आणि दाब

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा वीसपट दाबून तिचा पारा पाचशे अंशांच्या वर नेतात आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडतात. तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे हे चालवून दाखवले, आणि तत्त्व आजही तेच आहे. त्यातून दोन गोष्टी निघतात. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, आणि दाब पुरता टिकायला हवा.

फवारा नोझलचा. नोझल झिजले की धुक्याऐवजी थेंब टपकू लागतात. थेंब उशिरा आणि अर्धवट जळतो. गाडी ठोकते, धूर करते, डिझेल पिते आणि ओढत मात्र नाही. नोझल काढून पंपवाल्याच्या टेस्टरवर धरले, की एका दृष्टिक्षेपात निकाल लागतो. मात्र त्याआधी डिझेल फिल्टर बदलावा, त्यातले पाणी काढावे आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कोठे हवा शिरते आहे काय ते बघावे. तीन-चारशे रुपयांच्या फिल्टरने जे सुटते त्यासाठी पंप खोलू नये. आणि पंप खोलायचाच झाला, तर कॅलिब्रेशनचे यंत्र असलेल्या पंपवाल्याकडेच खोलावा. चारही सिलिंडरांना सारखे माप, आणि ते कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, एवढेच त्याच्याकडून हवे असते. पंप परत बसवताना टायमिंग चुकले, तर सगळा खर्च पाण्यात. फवारा उशिरा सुटला की गाडी मरगळते आणि तापते. फार लवकर सुटला की खडखडते आणि पिस्टनला मार बसतो.

दाब व्हॉल्व्ह आणि रिंगांच्या हाती असतो. टॅपेटची फट कमी झाली, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. फट जास्त झाली, तर टकटक वाजते आणि व्हॉल्व्ह पुरा उघडत नाही. दोन तासांचे काम आहे. फीलर गेज लावून, कंपनीच्या मापाने. कानाच्या अंदाजावर टॅपेट लावणारे मिस्त्री कलावंत असतील, पण माझी गाडी मी त्यांच्याकडे देत नाही.

एवढे करूनही ओढ आली नाही, तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असले, तर इंजिन उघडू नका. एखादा फार खाली असला, तर मात्र हेड उतरवण्याची वेळ आली; आणि चारही खाली असले, ऑइलच्या भोकातून भसाभसा वाफा येत असल्या, तर इंजिन बांधायला काढावे लागणार. तो खर्च पन्नास-साठ हजारांच्या घरातला. म्हणूनच तो शेवटी.

धूर हा गाडीचा बोलका साक्षीदार. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेले डिझेल. पांढरा, वाफेसारखा आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ही चार वाक्ये पाठ असली, तर कोणताही मिस्त्री आपल्याला सहसा चकवू शकत नाही.

पुतण्याची गाडी

शास्त्र सांगून झाले. आता व्यवहार सांगतो. माझ्या पुतण्याने माझ्याच वयाच्या गाड्यांपैकी एक जुनी घेतली. गाडी घाटात रांगत असे. एका हंगामात दोनदा त्याचा पहाटेचा बाजार चुकला, पेट्या पडत्या भावात द्याव्या लागल्या आणि बागाईतदाराने पुढचा माल दुसऱ्याच्या गाडीत भरला. पोरगा हवालदिल होऊन माझ्याकडे आला.

"काका, एक जण पंचेचाळीस हजारांत टर्बो बसवून देतो म्हणतो. घाट टॉप गिअरात चढेल, अशी हमी आहे. पतपेढीचे कर्ज काढतो."

"हमी कागदावर आहे का?" मी विचारले.

"नाही. तोंडी."

"मग कर्जही तोंडीच काढ," मी म्हणालो. "आणि आधी गाडी घेऊन ये."

आम्ही दोघांनी प्रथम घड्याळ लावले. ठरलेले वजन भरून, रात्री, पोफळीपासून माथ्यापर्यंत ३८ मिनिटे. हा आकडा वहीत लिहिला. मग खाली वाकलो. मागचे उजवे चाक हात लावू देईना, इतके तापलेले. एअर फिल्टर दिव्यासमोर धरला, तर जांभ्याची वीटच! पंपाचा लिव्हर खुंटीपासून अर्धा इंच अलीकडे थांबत होता. आमच्या मिस्त्रींनी टॅपेट पाहिले. दोन घट्ट होते. कऱ्हाडला पंपवाल्याने नोझल टेस्टरवर लावली, तेव्हा चारांपैकी दोन गळक्या नळासारखी टपकू लागली. पुतण्याचे तोंड पाहण्यासारखे झाले.

"काका, एवढे सगळे एकाच गाडीत?"

मिस्त्री हसून म्हणाले, "दादा, ही म्हातारी एका रोगाने थोडीच झोपते? थोडे थोडे सगळेच दुखते."

खर्चाची नोंद माझ्या वहीत आहे. ब्रेकचे काम २,४०० रुपये. हवेचा आणि डिझेलचा फिल्टर ९००. चार नोझल आणि पंपाचे कॅलिब्रेशन मिळून ११,५००. टॅपेट आणि सायलेन्सरची गॅस्केट १,२००. एकूण १६,०००. केबल ताणण्याचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत. काम झाल्यावर तेच वजन, तोच रस्ता, तीच रात्रीची वेळ: २९ मिनिटे. टॉप गिअरात घाट चढला नाही, आणि चढूही नये. पण पहाटेचा बाजार पुन्हा चुकला नाही. डिझेलही लिटरला साडेनऊ किलोमीटरवरून साडेअकरांवर आले. बागाईतदार पुढच्या हंगामात परत आला, हा हिशेब वहीत कोठे लिहावा ते मात्र मला कळले नाही.

मोहाच्या जागा

आता त्या टर्बोविषयी. टर्बो वाईट नाही. इंजिनाच्याच धुराच्या जोराने चक्र फिरवून जादा हवा आत कोंबण्याची ती फार सुंदर युक्ती आहे. परंतु कंपनी जेव्हा टर्बोचे इंजिन बनवते, तेव्हा पिस्टन, हेड गॅस्केट, ऑइलचा पुरवठा, रेडिएटर, क्लच सारे त्या हिशेबाने बनवते. बिगरटर्बो इंजिनात दाब मुळातच वीसपटीच्या वर असतो. त्यावर आणखी हवा कोंबली, तर पहिल्या महिन्यात गाडी पळते आणि एखाद्या दुपारी, घाटातच, गॅस्केट फुटते नाहीतर पिस्टनचे डोके वितळते. वीस वर्षांच्या बैलावर चाबूक ओढल्यासारखे ते आहे.

पंपाचा स्क्रू हा दुसरा मोह. आणि तो फुकट, म्हणून जास्त धोक्याचा. कारखान्यात त्यावर सील मारलेले असते ते उगीच नाही. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, याचा अर्थ काळा धूर. पहिल्या दिवशी थोडी ओढ वाढल्यासारखी वाटते हे खरे. परंतु धुराची उष्णता वाढते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. वर पीयूसीच्या यंत्रापुढे गाडी नापास. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटांची आहे. स्क्रू फिरवलेली गाडी तिच्यात बसणे कठीण. शिवाय तो धूर मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या लेकराच्या छातीत जातो, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नसले तरी खरे आहे.

कायद्याचेही ऐकून ठेवा. नोंदणीच्या वेळी कंपनीने जे वर्णन दिलेले असते त्याला छेद देणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. आठ वर्षांवरील मालगाडीला दरवर्षी फिटनेसची परीक्षा द्यावीच लागते. मी सांगितलेली कामे मात्र या कचाट्यात येत नाहीत, कारण ती गाडीला तिच्या मूळ वर्णनाकडे परत नेणारी आहेत.

चढेल त्याने उतरायचेही आहे

एक शेवटची गोष्ट. ओढ वाढली की तापही वाढतो. रेडिएटरच्या जाळीतला चिखल बाहेरून पाण्याने धुवावा, फॅन बेल्ट ताठ असावा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्याने इंजिन नेहमी थंड राहते, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते. तापण्याचे कारण शोधावे; थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा.

आणि ब्रेक. २,७०० किलोंची गाडी सहाशे मीटर वर चढवायला साधारण दीड लिटर डिझेल खर्ची पडते. उतरताना तेवढ्याच उंचीचा जोर परत अंगावर येतो आणि तो सारा कोणीतरी अडवायचा असतो. नुसत्या ब्रेकवर तो टाकला, तर ड्रम तापून लायनर धरीनासे होतात आणि पायाखालचे पेडल लोण्यासारखे मऊ लागते. जो घाट ज्या गिअरात चढतो, तो त्याच गिअरात उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे. म्हणून माझ्या हिशेबात पिकअपच्या कामाला निघालेल्या पैशांतले पहिले पैसे ब्रेकचे.

जुनी गाडी दारात असणाऱ्या वाचकांनी एवढा क्रम ध्यानात ठेवावा. आधी घड्याळ आणि वही, मग माल आणि टायर, मग ब्रेक, बेअरिंग, क्लच आणि केबल, मग हवा, मग डिझेल फिल्टर, नोझल, पंप, मग टॅपेट, आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. प्रत्येक पायरीनंतर त्याच चढावर पुन्हा घड्याळ लावावे. ज्या पायरीवर मिनिटे पुरेशी कमी झाली, तेथे थांबावे आणि उरलेले पैसे घरात द्यावेत. पिकअप दारात असली, तरी प्रपंचाचा घाट घरच्यांनाही चढायचा असतोच.